होल्ड कर हं

माझ्या मावशीने आयुष्यात जितकी माणसं जोडली, तितकी एखाद्या मुरलेल्या पुढाऱ्यानेही जोडली नसतील. फरक इतकाच, की तिने ती वायरने जोडली. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कंपनीत ती टेलिफोन ऑपरेटर होती. गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला काचेची खोली, खोलीत दिवे आणि खटके असलेला जुना बोर्ड आणि बोर्डासमोर मावशी. नव्वदच्या दशकात मी वाशीला कॉलेजात होतो आणि नेरूळला तिच्याच घरी राहायचो, त्यामुळे या ऑपरेटरगिरीचे परिणाम मी घरबसल्या भोगले आहेत.

मावशीला चेहरे लक्षात राहत नसत. माणूस तोंड उघडेपर्यंत तिच्या लेखी तो आलेलाच नसे. सोसायटीच्या गणपतीत आमचे सेक्रेटरी तिच्यासमोर हात जोडून उभे, आणि ती त्यांच्या खांद्यावरून मखर बघतेय. शेवटी ते बिचारे "प्रसाद घ्या" म्हणाले तेव्हा ती दचकली. "अय्या, तुम्ही! कधी आलात?" ते सुरुवातीपासून तिच्या शेजारी उभं राहून आरती म्हणत होते असं मी तिला नंतर सांगितलं. त्यावर, आरतीत सगळे एकदम ओरडतात, क्रॉस कनेक्शन होतं, असा तिचा खुलासा होता. घरचा फोन उचलला की ती आधी कंपनीचं नाव सांगायची, मग जीभ चावायची, आणि पलीकडे माझी आई असली तरी "कुणाशी बोलायचंय?" असं विचारूनच पुढे जायची.

पण तिचा खरा शब्द होता 'होल्ड'. सारसोळ्याला मासळी घ्यायला गेली की भाव करता करता पर्समधले पैसे शोधायला ती मान खाली घालायची आणि कोळणीला म्हणायची, "जरा होल्ड करा हं." कोळीण कमरेवर हात ठेवून विचारायची, "होल काय गं बाय? म्हावरा घ्याचा हाय का नाय?" काकांशी भांडण ऐन रंगात आलं असताना कुकरची शिट्टी झाली, तर "होल्ड करा" म्हणून ती उठायची, गॅस बंद करायची आणि परत येऊन सोडल्या शब्दापासून भांडण पुढे चालू करायची. काका तोवर खरोखरच थांबलेले असायचे. होल्डवर ठेवलेल्या माणसाला विसरायचं नाही, हा तिचा एकमेव धर्म होता. "त्याला वाटतं आपण आहोत तिकडं," ती म्हणायची, "आणि आपण नसलो तर मग तो कुणाशी बोलणार?"

तिच्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलं होतं, येणारे फोन घेणे, जाणारे फोन जोडणे वगैरे. तिची निम्मी नोकरी त्या 'वगैरे'त गेली. आधी पाहुण्यांची नोंद आली, मग कुरियर, मग फॅक्स. ॲम्ब्युलन्स बोलावणं आलं, शिफ्टमधल्या कामगारांना घरचे निरोप पोचवणं आलं. शेजारच्या बोनकोडे गावातले एक म्हातारे दर आठ-पंधरा दिवसांनी काचेवर काठी वाजवत. "बाय, तुमचा टरक आमचे वाटंन उभा हाय. सांग ना सायबाला." साहेबांना न सांगताच मावशी ट्रक हलवायची आणि वर म्हाताऱ्यांना चहा पाजायची. यातलं काहीही तिला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. समोर आलं म्हणून तिने उचललं, आणि एकदा उचललं की ते तिचंच झालं.

मग बातमी आली की बोर्ड जाणार आणि आपोआप फोन जोडणारं मशीन येणार. मुंबईच्या हेड ऑफिसातल्या ऑपरेटरला आधीच घरी बसवलं होतं. आमच्या मावशीचा कागदही मुंबईच्या पर्सोनेल खात्यात होता, आणि त्या कागदाप्रमाणे ती फक्त ऑपरेटर होती. निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती.  त्या आठवड्यात एकदा ती भात कालवता कालवता थांबून म्हणाली, "मला या लोकांनी होल्डवर ठेवलंय रे. आणि विसरलेत."  काका म्हणाले, "टेन्शन घेऊ नकोस. साहेबांना सरळ सांग, कागद बदला."

साहेब म्हणजे फॅक्टरी मॅनेजर. श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान, शांत, कमी बोलणारे. मावशी दोनदा त्यांच्या केबिनपर्यंत गेली आणि दोन्ही वेळा "पंखा नीट चालतोय ना?" एवढंच विचारून परत आली. समोरासमोर तिला बोलताच येईना. दुसऱ्यांचे किती अर्ज, किती रजा तिने फोनवरून मंजूर करून घेतल्या होत्या, पण स्वतःसाठी मागायचं म्हटलं की तिचा आवाज बसायचा. शेवटी ती आपल्या खोलीत आली, हेडफोन चढवला आणि साहेबांच्या केबिनला रिंग दिली.

"कोण?"

"ऑपरेटर," मावशी म्हणाली आणि तिने कपाळावर हात मारला. जे पुसायचं होतं नेमकं तेच तोंडातून गेलं होतं.

"बोला."

"साहेब, माझं एक काम होतं. म्हणजे माझ्या कामाचंच काम होतं..." एवढ्यात बोर्डावर दिवा लागला. "साहेब, जरा होल्ड करा हं," म्हणून तिने खटका दाबला.

एका कामगाराची बायको होती, पोराला ताप चढला होता. मावशीने तिला धीर दिला, ओल्या फडक्याने अंग पुसायला सांगितलं आणि नवऱ्याला शिफ्टमधून सोडवण्याची व्यवस्था केली. लगेच दुसरा दिवा. ऐरोलीच्या नाक्यावर टँकर बंद पडला होता. तिने मेकॅनिक धाडला आणि माल उशिरा येईल असं स्टोअरला कळवलं. तिसरा फोन मुंबईचा, साहेबांसाठी. मावशी सफाईने म्हणाली, "साहेब प्लॅन्टमध्ये गेलेत, आल्यावर जोडून देते." आणि मग ती धावतपळत मूळ लाईनवर आली.

"सॉरी साहेब. होल्डवर राहिलात."

"बाई, मी होल्डवर नव्हतो. तुम्ही भलताच खटका दाबलात. मी लाईनवरच होतो."

मावशीने बोर्डाकडे पाहिलं. खटका खरंच भलताच होता.

"मी प्लॅन्टमध्ये गेलोय हे मला आत्ता कळलं," साहेब म्हणाले. "तुमचं काय काम होतं?"

मग तिने एका दमात सांगून टाकलं. "साहेब, माझा कागद मला कधीचा आखूड झालाय. मशीन फोन जोडेल, पण बाकीचं मी करते ते कोण करणार? तेवढं कागदावर येऊ दे."

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला. "काय काय करता ते सांगा, मी लिहून घेतो."

"सगळं लिहा साहेब. फक्त शेवटी 'वगैरे' लिहू नका."

कागद मुंबईला गेला आणि बराच भांडून, पण बदलून आला. मशीन आलं, बोर्ड भंगारात गेला, मावशी राहिली. तिच्या टेबलावर 'कार्यालय समन्वयक' अशी पाटी लागली. तो शब्द तिला नीट उच्चारता यायचा नाही, पण रोज ती पाटी पुसायची. साहेब मात्र निवृत्त होईपर्यंत तिला फोनवर "बोला ऑपरेटर" असंच म्हणत, आणि ते तिला आवडायचं.

आता काका नाहीत. मावशी नेरूळच्या त्याच घरात एकटी असते. मी रविवारी फोन करतो. बोलता बोलता ती म्हणते, "होल्ड कर हं, गॅसवर दूध आहे," आणि जाते. आणि हल्ली ती विसरते. रिसीव्हर तसाच टेबलावर पडलेला असतो. मला पातेल्याचा आवाज येतो, ती दाराशी कुणाशी तरी बोलते, खुर्ची सरकते, मग नुसताच पंखा. माझी बायको म्हणते, ठेव की, पुन्हा लाव.

मी ठेवत नाही. बऱ्याच वेळाने तिला टेबलावरचा रिसीव्हर दिसतो. "कोण आहे?" ती घाबरून विचारते.

"मी आहे गं मावशी," मी म्हणतो. "लाईनवरच आहे."