चंद्रीचा पान्हा

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते दावं वळायचं. अंबाडीचा वाख भिजवून ठेवलेला, एक टोक गिरजाच्या हातात, एक माझ्या. माझी पकड सैल झाली की ओरडायची, "अवं, नीट धरा की! दावं वळून राहिलो का शेवया?" मी म्हणालो, तुझ्या शेवयांपेक्षा हे बरं व्हईल. ती हसली. दावं झालं, पाणी पिऊन आडवी झाली, आणि छातीत कळ आली म्हणाली... दिवस मावळायच्या आत गेली. चाळीस सालं संसार केलेली माझी बायको. वैद्याला आणायला धाडलेला माणूस निम्म्या वाटेतून माघारी बोलवावा लागला.

लोक म्हणतात, सोन्यासारखी बाई गेली. सोन्यासारखी काही नव्हती. तोंडाची फटकळ होती. पण जनावर तिला कळायचं. थंडीत बैलाच्या अंगावरची लव दाट होते, शिमग्याच्या सुमाराला झडते, हे मीही बघत होतो, पण ती म्हणायची, "बगा, बैलानं घोंगडी टाकली." एका उन्हाळ्यात विहीर खोदताना वाळक्या मातीतून बेडूक निघाला, दगडासारखा गार. मी फेकणार, तर म्हणाली, "मेला न्हाई तो. पाण्याची वाट बगत निजलाय. तुमच्यासारखी बोंब न्हाई मारत." म्हशीचं मात्र तिला वाईट वाटायचं. "बैलाला घाम हाय, वशिंड हाय, पांढरं कातडं हाय. हिला काय दिलं देवानं? काळं कातडं अन् चार केस. हिचा घाम म्हंजी डोह." मी ऐकून सोडून द्यायचो. औंदाच्या उन्हाळ्यात त्या बोलण्याची किंमत कळली.

मुलखात बंदुकवाल्यांची धामधूम माजली होती. गोरेगावच्या बाजाराला माणसं दबकत जायची. पोरगा आधीच पैनगंगेपल्याड वऱ्हाडात निघून गेलेला, म्हणून आमच्या घरावर त्यांची नजर. सून ओली बाळंतीण, पण अंगावर दूधच आलं नाही. नातू जगत होता तो चंद्रीच्या दुधावर... चंद्री आमची म्हैस, कपाळावर पांढरा चांद असलेली. आम्हीही नदीपल्याड, त्यांचा अंमल नव्हता तिकडं, जायचं ठरवलं. शेजारचे रहीमभाई म्हणाले, "भाभी, भैंस छोड के जाव, मैं देखतूं." माणूस खरा होता. गिरजा म्हणाली, "म्हैस तुमी संभाळसाल भाई, पण लेकरानं प्यायला रोज इथं कसं यावं?" मग चंद्रीलाही घेतलं. रातीच्या वाटेवर पहारे, म्हणून दिवसाउजेडी, बाजाराला निघाल्यासारखे निघालो. गाडीत सून आणि लेकरू, गाडीमागं बांधलेली चंद्री, आणि तिच्याबरोबर पायी गिरजा.

ऊन चढलं तशी जमीन तव्यासारखी झाली. बैल चालत होते. मान-खांदे घामानं भिजले, पण पाय अडखळला नाही. चंद्री मात्र धापा टाकायला लागली. जीभ बाहेर, तोंडाला फेस, डोळे लाल. "थांबवा गाडी," गिरजा म्हणाली. मी म्हणालो, थांबलो तर मेलो. तिनं चाक धरलं. गाडीत पाण्याची एकच घागर होती. तिनं पोतं काढलं, घागर त्याच्यावर ओतली आणि ते ओलं पोतं चंद्रीच्या डोक्यावर, मानेवर टाकलं. मी ओरडलो, "अगं, लेकराला पाणी लागंल!"

"पाण्यानं पोट भरंल का त्याचं? त्याचं पोट ह्या म्हशीत हाय!"

तेवढ्यात मागून धुरळा उठला. बंदुकवाले दोन घोडेस्वार आले आणि आडवे उभे राहिले. "क्यों रे बुड्ढे, किधर?" मी म्हणालो, बाजार को, भैंस बेचने. त्यातला एक हसला. "बाजार पीछे रह गया. और ये तो मर रही है, कौन लेगा?" गाडीत सुनेनं लेकराला इतकं आवळून धरलं की ते रडायला लागलं. गिरजा पुढं झाली. "म्हणून तर नदीकडं चाललो, साहेब. तुमच्या घोड्याला घाम येतो, बगा, पांढरा फेस आलाय. हिला येत न्हाई. डोहात बसली तर जगंल, न्हाई तर इथंच पडंल." स्वारानं घोड्याच्या मानेवर हात फिरवला, ओला झालेला तळवा बघितला. मग चंद्रीकडं बघितलं. "जाव, डुबाव उसको."

नदीला धार बारीक, पण एक डोह होता. पाण्याचा वास लागला तशी चंद्री दाव्याला हिसका देऊन आत शिरली आणि नाकपुड्यांपर्यंत बुडाली. बैलांना पाणी पाजायच्या निमित्तानं मी गाडी उतारानं पल्याड नेली. वर टेकाडावर घोडे उभेच होते. मी दबक्या आवाजात हाका मारत होतो, ये, सोड तिला, ये... गिरजा कंबरभर पाण्यात म्हशीच्या पाठीवर ओंजळी ओतत उभी. "ताप उतरू द्या तिचा. आत्ता उठवली तर काठावर पडंल." मला वाटलं, ही म्हैस गिरजाला घेऊन बुडणार. मग चंद्रीनं कान झाडले. धाप बसली. जबडा हलायला लागला, रवंथ सुरू झाला. "चल माय," गिरजा म्हणाली, आणि म्हैस पल्याडच्या काठानं बाहेर निघाली, गिरजा तिच्या शेपटाला धरून. टेकाडावरून कोणी हाक मारली नाही. सांजेला दूध थोडंच निघालं, पण लेकरू पिऊन निजलं.

पावसाळा सरता धामधूम निवली, आम्ही घरी आलो. चंद्रीला पुन्हा आमचा गोठा, आमचं पाणी मानवलं. आणि मग गिरजाच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रीनं पान्हा चोरला; तिची धार आजवर गिरजाच काढायची. सून बसली तर लाथ झाडली. मी बसलो तर कास घट्ट करून पुढं सरकली. जागा बदलली तर जनावराचं अंग हळूहळू बदलतं, हात बदलला तरी बदलत असंल; पण आत रडणाऱ्या लेकराला तेवढी सवड कुठली? गिरजाचं आदल्या दिवशीचं लुगडं वलणीवर होतं, न धुतलेलं, शेणादुधाच्या वासाचं. बायको माहेरी गेली की बाप्ये तिचं लुगडं गुंडाळून धार काढतात, आमच्याकडं हे चालतं. मेलेल्या बाईचं कोणी गुंडाळत नाही. मी धोतरावर गुंडाळलं, पदर डोक्यावरून घेतला. भेटायला आलेली माणसं ओसरीवर बसली होती. एक जण म्हणाला, "म्हातारं येडं झालं का काय?" मी कासंडी घेऊन चंद्रीपाशी गेलो. तिनं पदर हुंगला, पुन्हा हुंगला. मी कासेला पाणी लावलं आणि गिरजासारखा खेकसलो, "सर की गं, मेले!"

चंद्रीनं मागचा पाय मागं घेतला आणि पान्हा सोडला.

कासंडी भरून सुनेच्या हाती दिली. लुगडं मात्र कुणाला धुवू दिलं नाही. सांजची धार बाकी होती.