आमच्या बारमध्ये गोड मिळत नाही

एकाच काउंटरमागे बारा वर्षं उभं राहिलं की किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात, आपण फक्त ग्लास पुसत राहायचं.

इकडे आखातात, देरा भागातल्या एका जुन्या हॉटेलात आमचा छोटा इंग्लिश बार आहे. जुन्या ब्रिटिश पद्धतीची कॉकटेल्स, सगळी कडक, गोडाचं नाव नाही. कुणी अननस खोचलेलं, छत्री लावलेलं काही मागितलं की माझा फिलिपिनो जोडीदार जोएल नम्रपणे सांगतो, "सॉरी सर, ते स्विमिंग पूलजवळ. लिफ्ट तिकडे!"

*

आमच्याकडे पिंक जिन फार चालते. ग्लासात कडू अर्काचे दोन थेंब टाकायचे, ग्लास फिरवायचा, उरलेले झटकून टाकायचे आणि वर थंडगार जिन. खलास!

हॅरिसन साहेब म्हणजे रिटायर्ड जहाज-इंजिनिअर, रोज पाचला हजर. मी नवा होतो. एवढं कडू म्हातारा पिणार कसा, म्हणून दया आली आणि हळूच चमचाभर साखरेचा पाक घातला.

त्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला.

"आज माझा वाढदिवस आहे का?"

"नो सर."

"मग हा केक कशाला?"

*

अबू धाबीकडच्या मोहम्मद बिन झायद सिटीतले कुलकर्णीकाका एकदा क्लायंटला घेऊन आले. शेजारच्या टेबलावर गुलाबी ग्लास पाहून खूश!

"अरे वा, कोकम सरबतच की! आण दोन."

"काका, ते जरा..."

"यल्ला, आण रे!"

आणली. काकांनी सरबतासारखाच मोठा घोट घेतला. क्लायंट समोर, त्यामुळे थुंकायची सोय नाही. डोळे भरून आले, पण चेहरा शांत. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं,

"हे जेवणाआधी घ्यायचं असतं की जेवणानंतर?"

*

एक स्कॉटिश बाई यायच्या, शाळेत शिकवायच्या. ड्राय मार्टिनी, म्हणजे जिनमध्ये अगदी थोडी वर्मुथ नावाची वाइन. जोएलने दिली. "थोडी गोड वाटतेय." वर्मुथ कमी करून दुसरी दिली. "अजूनही गोड!"

तिसऱ्या वेळी जोएलने नुसती जिन बर्फात ढवळली, एक ऑलिव्ह टाकला आणि नेऊन ठेवली.

बाई प्रसन्न झाल्या. "आता कसं! वर्मुथ कुठली वापरलीस?"

*

आता हा शेवटचा.

माझे बाबा दारूपायी गेले. म्हणून आईला मी कधी सांगितलंच नव्हतं, की मी बारमध्ये आहे. "हॉटेलात सुपरवायझर," एवढंच.

गेल्या हिवाळ्यात आई इथे सिलिकॉन ओएसिस भागात राहणाऱ्या ताईकडे आली. एका दुपारी ताईचा फोन. "अरे, आपल्या रियाने घोळ केला. आई सहज विचारत होती मामा काय करतो, तर म्हणाली, 'आजी, ही मेक्स ड्रिंक्स!' आईने लगेच चपला घातल्या. फक्त म्हणाली, मला तिथे ने. आम्ही खाली लॉबीत आहोत."

मी घाईघाईने काउंटर आवरायला घेतला.

नऊवारीतली आई आत आली. बार रिकामाच होता. तिने बाटल्यांची भिंत पाहिली, मग माझा बो-टाय. उंच स्टुलावर तिला चढता येईना, तर जोएलने धावत जाऊन साधी खुर्ची आणली. ती बसली.

"किती वर्षं?"

"बारा."

"तू घेतोस?"

"नाही आई. एक थेंबही नाही. बाबांची शपथ."

तिने काउंटरवरून हात फिरवला. मी तोच ग्लास पुन्हा पुन्हा पुसत होतो.

"मग बरोबर झालंय हे कळतं कसं तुला?"

"वासावरून. हाताच्या अंदाजाने."

आईने पदर सावरला.

"लोक नावं ठेवतात का?"

"नाही गं. लांबून लांबून येतात."

"येणारच," आई म्हणाली. "नैवेद्याचा स्वयंपाक मी जन्मभर न चाखता केला. मीठ कधी चुकलंय माझं?"