ओळख न दाखवण्याचा नियम

दारू सोडणाऱ्यांच्या गटाचा पत्ता मला माझ्याच जुन्या बातमीत मिळाला. एका दैनिकाच्या जिल्हा पानासाठी मी ती चार ओळींत बसवली होती: रोह्यात, शाळेच्या मागच्या खोलीत, दर रविवारी सकाळी दहा वाजता. ती बातमी लावली त्या दुपारीही मी प्यायलेलो होतो. पेणला असाच गट माझ्या घरापासून सात मिनिटांवर भरत असे. म्हणूनच मी तिथे गेलो नाही.

पहिल्या रविवारी खोलीत नऊ माणसे होती. आडनाव कोणी विचारले नाही. सुरुवातीला एकाने नियम वाचून दाखवले. कोण आले, कोण नाही, हे बाहेर सांगायचे नाही. कोणी बोलत असताना शंका घ्यायची नाही. तिसरा नियम लिहिलेला नव्हता. तो मला बैठकीनंतर चहाच्या टपरीवर जवळच्याच वरसे गावच्या एका माणसाने सांगितला. तो रासायनिक कंपनीत ऑपरेटर होता.

“बाहेर भेटलो तर ओळख नाय दाखवायची हां, पेणकर. बायको संगत असली तर अजिबात नाय. ती इचारते, कोण हो हे? मग काय सांगणार, माझे गुरुबंधू?”

त्या दिवसापासून मी पेणकर झालो. रोज संध्याकाळी सात वाजता त्याचा फोन यायचा. “जेवलात का? आधी जेवा. रिकाम्या पोटी डोकं फिरतं.” एवढेच बोलून तो ठेवायचा. एकदा त्याने घरचा पत्ता आणि नंबरही दिला, त्याने फोन उचलला नाही तर लावायला. चार महिने मी प्यायलो नाही, त्यातले बरेचसे श्रेय त्या फोनचे होते.

एका बुधवारी दुपारी बारा वाजता मी पेणच्या बाजारात औषधांच्या दुकानात उभा होतो. समोर, बिअर शॉपच्या पायरीशी, तो दिसला. अंगावर कंपनीचा गणवेश होता. त्या आठवड्यात त्याची पहिली शिफ्ट होती. म्हणजे तीन वाजेपर्यंत तो प्लांटवर असायला हवा होता. त्याने माझ्याकडे पाहिले. मी हातातल्या गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचू लागलो. मान वर केली तेव्हा पायरी रिकामी होती.

संध्याकाळी सात वाजता फोन आला. “जेवलात का?” आवाज स्वच्छ होता. मी हो म्हणालो.

रविवारी तो बैठकीत बोलला. “अकरा महिने झाले. थेंब नाय.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्याच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता. त्या खोलीत बडीशेप कशासाठी खातात, हे न कळणारा एकही माणूस नव्हता.

बाहेर टपरीवर मी म्हणालो, “बुधवारी मी तुम्हाला पेणला पाहिलं.”

“मीबी पाहिलं.” त्याने चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. “त्या दिवशी तवर घेतली नव्हती. लई वेळ उभा होतो. म्हटलं, पेणकर हाक मारील.”

“पण तुम्हीच सांगितलं होतं...”

“व्हय. मीच सांगितलं होतं.” तो हसला. “मग गेलो आत.”

“आज कामावर?”

“सेकंड शिफ्ट. तीनला. घरी बोलू नका, शपथ हाय.” त्याने मोटारसायकल दुसऱ्या किकला सुरू केली आणि तो गेला. घराच्या दिशेने नाही.

मी रिक्षाने वरसेला गेलो. त्याच्या बायकोने दारातच विचारले, “बैठकीतले ना तुम्ही?” मी काय सांगायला आलो आहे हे तिने ऐकून घेतले. तिला आश्चर्य वाटले नाही.

“तीन आठवडं झालं. मला वाटलं, तुम्हा लोकांस्नी ठाऊक असंल, तुमचं काय औषधपाणी चाललं असंल. म्हणून मी गप बसले.”

“प्लांटवर त्यांच्याकडे काय असतं?”

“अॅसिडच्या लाइनी. मागच्या वर्षी एक व्हॉल्व उघडा राहिला, बाजूचा पोरगा भाजला. तवा हे शुद्धीत होते.” तिने कंपनीचा नंबर माझ्यासमोर धरला. “कंपनीत फोन लावा. मी नाय लावणार. मला ह्यांच्याबरोबर राहायचं हाय.”

दुपारचे एक वाजून वीस मिनिटे झाली होती. मी फोन लावला. शिफ्ट इन्चार्जने आधी माझे नाव विचारले. मी पूर्ण नाव सांगितले, मग त्याचे.

त्याला गेटवरच अडवले, तपासणी केली आणि परत पाठवले. पंधरा दिवसांत नोकरी गेली. गटात मला कोणी बोलले नाही. दोघे जण मात्र यायचे बंद झाले. माझ्यामुळे की कसे, हे विचारायची सोय नव्हती.

तो अजूनही दर रविवारी साडेनऊला आंघोळ करून, बैठकीला जातो म्हणून घरातून निघतो. दहा वाजून दहा मिनिटांनी त्याच्या बायकोचा मला फोन येतो. मी खोलीबाहेर येऊन तो घेतो.

“पोचले का हो?”

“नाही आले,” मी सांगतो.

फोन चालू राहतो, आणि मला तिकडे चपला घातल्याचा, मग दाराला बाहेरून कडी घातल्याचा आवाज येतो.