सुकेळ्यांची बिअर

माझा दीर जहाजावरची नोकरी सोडून सांडोरला आमच्या घरी परत आला, तेव्हा त्याच्या एका बॅगेत कपडे होते आणि दुसरीत बिअर बनवायचं सामान. मोड आणलेल्या जवाच्या म्हणजे माल्टच्या पाकाचे डबे, यीस्टच्या पुड्या आणि वाळक्या फुलांची घट्ट बांधलेली पिशवी. ही फुलं म्हणजे हॉप्स, बिअरला कडवटपणा यांनीच येतो, असं त्यानं आल्या आल्या सासूबाईंना समजावून सांगितलं. सासूबाईंनी पिशवीचा वास घेतला आणि ती लांब धरली. मला हसू आलं. तेव्हा येत होतं.

आमच्या घरात काही आंबवायचं तर ते माझं खातं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून नाताळची वाईन मीच घालत असे. जांभळाची, आल्याची, एकदा बिटाचीसुद्धा. नाताळात आमच्याकडे येणाऱ्या बायका केकचा तुकडा हातात धरूनच विचारायच्या, "यंदा कसली घातलीस?" आणि कुणाच्याही ओठाला लागण्याआधी पहिला घोट माझ्या नवऱ्याचा. तो शाळेत शिक्षक. मी बरणीचं फडकं सोडायची, तो चमचा पुढे करायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "अजून आठवडाभर राहू दे." कधी म्हणायचा, "झाली." मला स्वतःला कळायचं नाही असं नव्हे. पण ते त्याच्या तोंडून ऐकायला मी वर्षभर थांबलेली असायची.

दिरानं माझी सगळ्यात मोठी काचेची बरणी मागितली. मी दिली. झाकणाला भोक पाडून त्यानं नळी बसवली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात सोडलं. दिवसभर त्या ग्लासात बुडबुडे यायचे आणि माझा नवरा शाळेतून आला की चपला काढायच्या आधी ते बघायला जायचा.

पहिली बिअर आंबट झाली, ओतून द्यावी लागली. त्या दिवशी मी सगळ्यांना आग्रह करकरून जेवायला वाढलं. दुसरी मात्र जमली.

मग दर रविवारचा परिपाठच पडला. चर्चमधली सकाळची मिस्सा झाली की आमच्या व्हरांड्यात तिघं बसायचे. दीर, माझा नवरा आणि नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलेले एक साहेब. साहेब मूळचे सांगलीकडचे, औषधांच्या कंपनीत तपासणी विभागात होते. घरात आईचं सोवळं कडक, त्यामुळे ते आमच्याकडे यायचे. बिअर कशी पारखायची याची पद्धत त्यांनीच लावली. आधी रंग बघायचा, मग फेस, मग वास, मग घोट, आणि गिळल्यावर जिभेवर मागे काय राहतं ते सांगायचं. प्रत्येकानं बोलल्याशिवाय दुसरी बाटली उघडायची नाही. कुणी मुंबईहून, कुणी गोव्याहून आणलेल्या बाटल्याही त्यात असायच्या, पण सगळ्यांचे कान टवकारायचे ते दिराची बाटली उघडली की.

मी आत बोंबील तळत असायची. माझ्या वाईनला दोन शब्दांत निकालात काढणारा माझा नवरा तिथं एकेका घोटावर बोलत सुटायचा.

"हिच्यात पावाच्या करपलेल्या कडेचा वास आहे," एकदा तो म्हणाला.

"वा, सर! बरोब्बर," साहेब म्हणाले.

"अशी चव या घरात आजवर झाली नव्हती रे," नवरा भावाला म्हणाला.

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. दीड डझन नाताळ मी या घरात काढले होते.

ते उठून गेल्यावर मी ग्लास विसळायला घेतले. एका ग्लासात तळाशी थोडी उरली होती, ती प्यायले. पावाच्या कडेचा वास खरंच होता. बिअर चांगली होती. वाईट असती तर मला किती सोपं गेलं असतं.

नवऱ्याच्या वाढदिवसाला मी मुद्दाम आल्याची वाईन काढली, चांगली मुरलेली. तिघांनीही घेतली. साहेब म्हणाले, "छान आहे हं, वहिनी." नवरा म्हणाला, "नेहमीसारखी." आणि लगेच दिराकडे वळून, "नवीन कधी भरतोस?"

दुसऱ्या दिवशी मी दिराला म्हटलं, "मला शिकव."

तो आढेवेढे घेईल, निदान थोडा भाव खाईल, असं मला वाटलं होतं. त्यानं लगेच स्टूल ओढलं आणि सगळं दाखवलं. किती उकळायचं, फुलं कधी टाकायची, पाक किती गार झाल्यावर यीस्ट घालायचं. काहीही राखून ठेवलं नाही. त्याच्यावर रागवायला एवढीशी जागा मिळाली असती तर बरं झालं असतं.

मी ठरवलं, त्याच्याकडे नाही असं काहीतरी घालायचं. आमच्या वाडीत राजेळी केळी होती. ती उन्हात वाळवून सासूबाई सुकेळी करायच्या, मधासारखी गडद आणि चिकट. त्यातली मूठभर चिरून मी उकळत्या पाकात टाकली.

रविवारी दिरानंच सुचवलं की कुठली कुणाची ते सांगायचं नाही. दोन ग्लास पुढे ठेवले. मी दारात उभी राहिले.

नवऱ्यानं दोन्ही चाखल्या, परत चाखल्या. "ही दुसरी गंमतशीर आहे. केळ्यासारखं काहीतरी लागतंय. पण बिअर म्हणशील तर पहिली."

साहेब म्हणाले, "दुसरीत कडवटपणा कमी पडलाय. फुलं उशिरा टाकली असणार."

उशिराच टाकली होती. सुकेळी विरघळायची वाट बघत बसले होते.

"दुसरी वहिनीची आहे," दीर म्हणाला.

नवरा चमकला. माझ्याकडे बघून म्हणाला, "अगं, मग सांगायचं नाही का!"

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?" मी विचारलं.

त्यानं दुसरा ग्लास परत उचलला. मी आत गेले.

संध्याकाळी मी वाल सोलत होते. तो शेजारी येऊन बसला आणि स्वतःही सोलायला लागला. मूठभर शेंगा झाल्यावर म्हणाला, "तो जहाजावर होता ना, तेव्हा फोन आला की आम्ही 'बरं आहे, बरं आहे' एवढंच म्हणायचो. पुढे सुचायचंच नाही. मला वाटायचं, आता हा आपला भाऊ फक्त नावापुरता. आणि बघ, हल्ली रविवारी जेवायची शुद्ध राहत नाही आम्हाला."

मला ते समजलं. पण समजलं म्हणून हेवा गेला असं झालं नाही. आधी निदान मनातल्या मनात भांडता तरी येत होतं, आता तेही गेलं.

पुढची बिअर मी फुलं वेळेवर टाकून केली. नाताळात ती व्हरांड्यात ठेवली आणि सगळ्यात आधी तीच संपली. लोक दिराची पाठ थोपटत होते. "वहिनीची आहे, वहिनीची," तो ओरडून सांगत होता. जहाजावर राहून पोरगा किती नम्र झालाय, असं म्हणून लोक त्याची आणखी पाठ थोपटत होते.

काही वर्षांनी पुण्यात, बिअर तिथंच बनवून तिथंच विकायची, अशी एक जागा निघाली. दिराला तिथं नोकरी लागली. व्हरांडा ओस पडला. साहेब अधूनमधून येऊन चहा घेऊन जायचे. नवरा मात्र सुट्टी मिळाली की पुण्याला पळायचा. आल्यावर तिथल्या टाक्या केवढ्या आहेत ते सांगायचा. मग मला बरणीचा नाही, व्हरांड्याचाही नाही, पुण्याचाच राग यायला लागला.

एकदा मीही गेले. दिरानं आम्हाला कोपऱ्यातलं टेबल दिलं आणि स्वतः ग्लास आणून ठेवला. मी साहेबांच्या पद्धतीनं आधी रंग बघितला, मग फेस. वास घेतला. मग सावकाश घोट घेतला, कुठंतरी खोड सापडेल म्हणून. नवरा आणि दीर, दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कशी आहे, वहिनी?"

खोड सापडत नव्हती. मी आणखी एक घोट घेतला. तरी नाही.

"चांगली आहे," मी म्हटलं, आणि ते बोलताना गाल आतून दातांखाली दाबून धरला. मग ग्लास संपवला आणि दुसरा मागवला.