निघण्याचा आराखडा

गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, माझे चांदीचे दुकान चाळीस वर्षे होते. वय झाल्यावर ते बंद केले. कुलूप लावले, किल्ली जागेच्या मालकाला दिली आणि चालत घरी आलो. यालाही आराखडा लागतो, हे मला पुढे माझ्या मुलाने शिकवले.

पुण्यातली नोकरी सोडून तो परत आला आणि त्याने कंपनी काढली. हुपरीच्या घराघरांत घडणारी पैंजणे फोनवरून देशभर विकायची, एवढेच तिचे काम. हे सांगायला त्याला पडदा आणि अर्धा तास लागत असे. कारागिरांची चोवीस घरे माझ्या ओळखीची होती. ती मी त्याला दाखवली. पहिल्या फेरीत दारोदार मी बोललो. तो गाडीत बसून फोनला रेंज शोधत होता. त्या चोवीस घरांना तो ‘नेटवर्क’ म्हणू लागला. मला त्याने ‘मार्गदर्शक’ केले. मला पगार नव्हता, खुर्ची होती. तिच्यावर बसून रोज सकाळी मी आलेल्या पैंजणांचे सांधे तपासत असे.

चार वर्षे धंदा बरा चालला. मग पुण्याहून एक सल्लागार आला. पांढरे बूट घालून तो आमच्या घरात सोप्यापर्यंत आला आणि त्याने मुलाला विचारले, “तुमची एक्झिट काय?”

“अजून ठरवली नाही,” मुलगा म्हणाला.

“हे पहिल्या दिवशीच ठरवायला हवं होतं, सर,” सल्लागार म्हणाला. पाळणा हलवताना स्मशानातली जागा पाहून ठेवावी, अशा काळजीने तो बोलत होता.

दोघांनी मिळून बेचाळीस पानांचा आराखडा केला. मोठ्या कंपनीला विकणे, भागीदाराला देणे, बंद करणे, असे निघण्याचे तीन मार्ग त्यात होते. माणसे चौकोनांत होती आणि चौकोनांना बाण होते. माझ्यासाठी ‘जोखीम’ या मथळ्याखाली एक ओळ होती: ‘कारागिरांशी असलेले संबंध एका वृद्ध व्यक्तीवर अवलंबून.’ शेजारी ‘उपाय’ या रकान्यात लिहिले होते: ‘सदर व्यक्तीस टप्प्याटप्प्याने वगळणे.’ वाक्य शुद्ध होते.

बंगळूरची एक कंपनी विकत घ्यायला तयार झाली. गुरुवारी त्यांची माणसे पाहणीला येणार होती. मुलाला हा व्यवहार हवा होता. चार वर्षांत त्याने घरी धड जेवण केले नव्हते. ताटात हात आणि कानाला फोन. तो थकला होता. बेचाळीस पानांत याची नोंद कुठे नव्हती.

“कारागिरांना सही झाल्यावर कळवू,” सल्लागाराने बजावले.

माझ्या हयातीत कारागिराला माझ्या व्यवहाराची बातमी दुसऱ्याकडून कधी कळली नव्हती. सोमवारी मी हुपरीची एसटी धरली आणि त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या कारागिराच्या घरी जाऊन धंदा विकला जाणार असल्याचे सांगितले.

“तुमी सोडायलाय व्हय धंदा, आण्णा?” त्याने विचारले.

“मी केव्हाच सोडला. आता मुलगा विकतोय.”

“इकून कुटं जानार त्यो?”

“घरीच असेल.”

“मग इकतोय कशाला?”

चहा घेतला आणि परतलो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मालक कारागिराला घडवायला चांदी देतो ती शब्दावर, कागद नसतो. मालक बदलणार असे कळले, की कारागीर हातातले काम जसे असेल तसे थांबवतो आणि मागायच्या आत चांदी परत करतो. नवा मालक स्वतः दारात येऊन चांदी हातात देईपर्यंत तो हातोडा उचलत नाही. ही रीत मला माझ्या नावाइतकी पाठ होती. म्हणूनच ती मला त्या दिवशी आठवली नाही.

गुरुवारी अकरा वाजता बंगळूरचे दोघे पाहुणे कचेरीत बसले होते. पडद्यावर ‘भक्कम नेटवर्क’ हे पान लागले होते. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. हुपरीची एसटी आली होती. चौदा घरांतली माणसे तिने आली, उरलेली पुढच्या गाडीने. कोणाच्या हातात जेवणाचा डबा, कोणाच्या हातात गाठोडे. आत अर्धी पैंजणे, सुटी घुंगरे, तारेची वेटोळी.

“पावणं, जरा सरका की,” जुना कारागीर बंगळूरकराला म्हणाला. “काटा मांडू द्या.”

पाहुण्याने हिंदीत विचारले, ही वार्षिक मोजणी आहे का. सल्लागार तत्परतेने “हो” म्हणाला.

“कसली मोजनी?” एक कारागीर बाई म्हणाली. “मालक बदलायलाय म्हनं. आमी चांदी दिऊन मोकळं झालो.”

“मावशी, नवीन मालक जास्त काम देणार आहेत,” सल्लागार म्हणाला.

“देतील की. आदी येऊ देत दारात. आमचं म्हातारं पानी दील, मानूस बगंल, मग बोलूया. तू कोन त्यांचा?”

सल्लागाराने आपले पद सांगितले. बाईने ते ऐकून घेतले आणि डबा काट्यावर रिकामा केला.

चोवीस घरांची चांदी चोख भरली. पाहुण्यांनी कौतुकाने फोटो काढले. सायंकाळी त्यांचे पत्र आले. कंपनीकडे तूर्त फक्त चांदी आहे आणि चांदी बंगळूरलाही मिळते, असा त्याचा आशय होता.

शनिवारी मुलगा माझ्या खुर्चीसमोर उभा राहिला.

“अण्णा, तुम्ही सांगितलंत?”

“हो.”

“का?”

“त्यांचा हक्क होता.”

“आणि माझा?”

मी हातातले पैंजण खाली ठेवले. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. हे त्याला सांगायला हवे होते.

रविवारी चांदी परत द्यायची होती. मालकाने स्वतः दारोदार जायचे. मी एसटीने त्याच्यासोबत गेलो, पण हुपरीच्या स्टँडवर बाकावर बसून राहिलो. तो एकटा गेला. पाच तासांनी परत आला तेव्हा पिशवी रिकामी होती आणि शर्टावर चहा सांडलेला होता.

“काय म्हणाले?” मी विचारले.

“सगळीकडे जेवायला बसवत होते. तीन ठिकाणी जेवलो.” तो बाकावर टेकला. “तो म्हातारा कारागीर म्हणाला, इकायचं तर इक की. पन घेनाऱ्याला आदी घिऊन ये, आमी बगतो.”

“मग?”

“बघू.”

वाटेत फोन दोनदा वाजला. त्याने घेतला नाही.

आराखडा अजून कचेरीत आहे. परवा सहज उघडला. जोखमीच्या पानावर ‘वृद्ध व्यक्ती’ हे शब्द पेनाने खोडले होते आणि त्या जागी मुलाने स्वतःचे नाव लिहिले होते. ‘उपाय’ या रकान्यातले वाक्यही खोडले आहे, आणि त्या जागी अजून काही लिहिलेले नाही.