भिलाई ते साकोली: इलेक्ट्रिक गाडी आणि बाबांचं स्टेअरिंग

जायचं ठरलं ते पोहे खाताना. बाबा म्हणाले, "साकोलीले जाऊन येऊ. बाई वाट पाहून राहिली." बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, माझी आत्या. साकोलीजवळच्या आमच्या गावी एकटीच राहते. एरवी आम्ही रेल्वेने गोंदिया आणि तिथून बस, असे जातो. या वेळी दारात आमची नवी इलेक्ट्रिक गाडी होती. नवरा कामात अडकलेला, म्हणून मी आणि बाबा, दोघंच निघालो.

बाबा स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. रिटायर झाल्यावर स्वतःची गाडी होती, तीही हौसेने चालवली. मग उजव्या हाताला कंप सुटला. भिलाईच्या सिविक सेंटरला पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या गाडीला घासली, त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच स्टेअरिंग सोडलं. कोणी सांगायची गरज पडली नाही.

पण ही नवी गाडी आली आणि बाबा रात्रंदिवस फोनवर तिचेच व्हिडिओ पाहू लागले. फिरायला जाणाऱ्या मित्रांशी भांडू लागले. मित्र म्हणायचे, बॅटरी पेट घेते, जुनी झाली की कोणी विकत घेत नाही. बाबांचं एकच उत्तर: "अरे, सोताच ब्रेक मारते ते! सोताच पट्ट्यात राहते!" मला वाटायचं, जुना मशीनवाला माणूस, कौतुक वाटतंय. कौतुकामागे काय होतं ते रस्त्यात कळलं.

आधी कामाचं सांगते. जानेवारीत सकाळी धुकं असतं, ऊन चढल्यावर निघा. रस्ता चारपदरी आणि बहुतेक छान आहे, अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. जाताना एका चार्जमध्ये आरामात पोचता, परतीसाठी मात्र वाटेत चार्ज करावंच लागतं. राजनांदगावच्या पुढे एका टपरीवर गरम मुंगोडी, म्हणजे मूगडाळीची भजी, आणि टमाट्याची चटणी खाल्ली. तिथे डिझेल गाडीतल्या एका गृहस्थांनी ठरलेला प्रश्न विचारला, "मॅडम, सच में सस्ती पड़ती है क्या?" मी खरं तेच सांगितलं. घरी चार्ज केली तर खूपच स्वस्त. महामार्गावरच्या चार्जरवर तो फायदा बराच कमी होतो. विमा आम्हाला जास्त पडला. आणि सात-आठ वर्षांनी विकायला काढली तर काय येईल, हे आज कोणालाच नीट माहीत नाही. त्यांनी मान डोलावली आणि आपल्या गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला.

बाघनदीला महाराष्ट्र लागला. दोन्ही बाजूंना जंगल, रस्ता मोकळा. बाबा हळूच म्हणाले, "आता मले दे."

"बाबा, हात..."

"हाताचं काय काम हाये याच्यात? गाडी पाह्यते सारं. बाईच्या दारात मले सोता गाडी नेऊन उभी करायची हाये. तिनं कधी पाह्यलंच नाही मले गाडी चालवताना."

मी हो म्हटलं. आज विचाराल तर नाही म्हणेन. पण त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून नाही म्हणणं मला जमलं नाही. लायसन होतं, रस्ता रिकामा होता, आणि गाडी स्वतः रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांमध्ये राहून पुढच्या वाहनाशी अंतर राखत होती. बाबा सीटवर ताठ बसले. थोड्या वेळाने त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली. वर्षभरात मी ते ऐकलं नव्हतं.

देवरीच्या अलीकडे पुलाचं काम सुरू होतं. रस्ता डावीकडे वळवला होता, पण जमिनीवरचे जुने पांढरे पट्टे तसेच सरळ, थेट सिमेंटच्या अडथळ्यांकडे जात होते. गाडीने जुने पट्टे धरले. मी ओरडले, "बाबा, डावीकडे!" त्यांनी स्टेअरिंग वळवलं, तर ते हातात किंचित अडलं, जसं कोणी उलटं ओढतंय. त्यांच्या उजव्या हाताला ते ओढवेना. मी बाजूने स्टेअरिंग धरून ओढलं, त्यांनी ब्रेक दाबला, आणि आम्ही कडेच्या मुरमावर धुरळ्यात थांबलो. मागून ट्रक हॉर्न देत निघून गेला.

दोघांनाही काही झालं नाही. गाडीलाही नाही. बाबांनी गाडी बंद केली. मग म्हणाले, "रस्ता वळून राहिला ते मले दिसलं होतं, पोरी. बरंच आधी दिसलं होतं."

"मग?"

"मले वाटलं, तिले माह्यापेक्षा जास्त समजते."

मी पाण्याची बाटली दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून प्यायली, दार उघडलं आणि माझ्या बाजूला आले. पुढे साकोलीपर्यंत मीच चालवली.

आत्याने सोलेभात आणि वांग्याची भाजी करून ठेवली होती. या दिवसांत तिकडे गेलात तर तुरीच्या ओल्या दाण्यांचा हा भात चुकवू नका. तिच्या घरचं वायरिंग जुनं, म्हणून गाडी तिथे चार्ज केली नाही. दुसऱ्या दिवशी आत्यालाही घेऊन निघालो आणि महामार्गावरच्या हॉटेलात गाडी चार्जिंगला लावली. ॲप दोनदा अडकलं, पण आमचं निवांत जेवण होईपर्यंत पुरेसं चार्ज झालं.

तिथून आत्याला नवेगाव बांधचा तलाव दाखवायला नेलं. बाबांना शेजारी घेऊन ती मागे बसली. "आवाजच नाही येत. चालू हाये का बंद?" मग बाबांना म्हणाली, "मोरू, तू नाही चालवत? फोनवर तं म्हने, मीच आणतो गाडी."

मी आरशात पाहिलं. बाबा काही तरी कारण सांगतील असं वाटलं. ते म्हणाले, "हात ऐकत नाही, बाई."

आत्याने त्यांचा तो हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. "मंग बस माह्याजवळ. इतक्या वर्षांत निवांत कधी बसला तू माह्यासंग?"

तलावावर लांबून आलेले पक्षी उतरले होते, ऊन कललं होतं, पण त्या दोघांनी पाण्याकडे फारसं पाहिलंच नाही. बालपणातल्या कुठल्याशा म्हशीवरून वाद चालला होता. हात तसाच तिच्या हातात होता.

परतीच्या वाटेवर बाबा बदलले होते. "समोर पट्टे पुसले हायेत, ते पट्ट्यावालं बंद कर." "तो ट्रकवाला इंडिकेटर न देता येईन, पाह्य." तो तसाच आला. आपोआप लागणाऱ्या ब्रेकने एकदा खरंच वाचवलंही, मध्येच धावलेल्या वासरापासून. बाबा म्हणाले, "हे बाकी चांगलं हाये."

घरी येऊन आता काही आठवडे झाले. गाडी घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. घरी चार्जिंगची सोय असेल आणि गाडी बरीच वर्षं ठेवायची असेल, तर खुशाल घ्या. मदत करणाऱ्या यंत्रणाही घ्या. पण घरातलं कोणी थकलं आहे, त्याचं उणं त्या भरून काढतील, या आशेवर घेऊ नका. ती आशा किती गोड असते, ते मी पाहिलंय.

गेल्या रविवारी सकाळी बाबा बूट घालून डाव्या बाजूच्या सीटवर जाऊन बसले, बेल्टही लावला. "चाल, नंदिनी नगरकडे चक्कर मारून येऊ. आणि ते पट्ट्यावालं बंद ठेव."

"का?"

"आपण दोघं आहो ना."