आरशामागचे देव

आरसा हातात घेतल्यावर तोंडाऐवजी त्याची पाठ बघणारा माणूस जगात एकच असेल, आणि २०१३-१४ साली तो सिंगापूरला, बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकमध्ये, नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. वरच्या मजल्यावरचे हे भाऊजी नोकरीने सॉफ्टवेअरवाले, मूळचे पुण्याचे. जीव मात्र अडीच हजार वर्षांपूर्वीच्या इटलीत अडकलेला. तिथल्या एट्रुस्कन बायका म्हणे काशाचे आरसे वापरत. पुढून घासून लख्ख, मागे कोरलेल्या देवांच्या कथा, आणि प्रत्येक देवाशेजारी त्याचं नाव. "आपण भांड्यांवर नावं घालतो ना, तसं," ते समजावत. हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत बशी पालथी घालून तिच्यावर चमच्याने अख्खं देवकुळ मांडत, तोवर कॉफी निवून जाई. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा बेसिनवरचा आरसा काढून उलटा केला, मागे पुठ्ठा पाहून हळहळले आणि तो तसाच भिंतीला टेकवून निघून गेले. "अंकल लाइक दॅट वन, लाह," अंकल आहेतच तसे, असं इथल्या इंग्रजीत म्हणून माझ्या लेकीने विषय मिटवला.

वहिनी त्यांची दुसरी बायको. पहिलीचा मुलगा आजोळी वाढलेला, आता इथे शिकायला आला होता. उंच, दाढीवाला, सभ्य. पण वहिनींना तो कसलीच हाक मारत नसे. काही हवं असलं की नुसता समोर येऊन उभा राही. "पाहुण्यासारखं ताट उचलून ठेवतो हो," सांगताना वहिनींचे डोळे भरून येत.

संक्रांतीला त्यांनी हौसेने हळदीकुंकू केलं. वाणाचं भाऊजींनी अंगावर घेतलं: पितळेचे छोटे आरसे, महिनाभर आमच्या डोक्यावर ठोकाठोक करून स्वतः कोरलेले. बायकांनी आधी त्यात आपलं कुंकू पाहिलं, मग आरसे उलटे केले. मागे एक देवी चांगल्या वाढलेल्या दाढीवाल्या बाप्याला अंगावर पाजत होती. सगळ्यांच्या नजरा मसाला दूध घेऊन आलेल्या मुलाच्या दाढीकडे वळल्या. वहिनींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

भाऊजी उत्साहाने स्वयंपाकघरातून बाहेर आले. "हा हर्क्ले. ही उनी, त्याची सावत्र आई. आयुष्यभर छळलं त्याला. शेवटी सगळ्या देवांसमोर असा मुलगा म्हणून जवळ केला."

"म्हणजे ओटीत घेतलं म्हणा की," कुणाच्या तरी सासूबाई म्हणाल्या.

मुलाने ट्रे ठेवून आरसा निरखला. "बाबा, यांनी मला कधी छळलं नाही," तो म्हणाला. "आणि इथे दूध तर मीच पाजतोय सगळ्यांना."

आधी वहिनीच हसल्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मुलाचं शिक्षण संपलं आणि तिघंही पुण्याला परत निघाले. वहिनींचा पाय निघत नव्हता. मुलगा लिफ्ट अडवून उभा होता. "आई, चल ना, टॅक्सी आलीय," तो म्हणाला, अगदी रोजच्यासारखं. एवढे बोलके भाऊजी, पण ते नुसते बॅगेची चेन लावत आणि उघडत राहिले. आता वरच्या मजल्यावर कसलीही ठोकाठोक नसते, आणि मला ते मुळीच बरं वाटत नाही.